धनजचे एकतीस गुण

वाशीम,
वैशाख वद्य दशमी, शके १८६१

प्रिय उकंडराव,

बारा वर्षांनी पत्र लिहीत आहे, म्हणून वस्तुस्थिती आधी क्रमाने मांडतो. पुढचे सारे लिखाण कशावर उभे आहे, याविषयी तुझ्या मनात संशय राहू नये. पहिली गोष्ट : आपल्या बागाईतदार समाजाच्या सभेच्या सांगण्यावरून मी चाळीस गावे हिंडून एक तक्ता तयार केला. समाजाची मुलगी कोणत्या गावी द्यावी व कोणत्या गावी देऊ नये, हा त्याचा विषय होता. दुसरी गोष्ट : सन १९२७ च्या मार्गशीर्षात तो तक्ता कारंज्याच्या सभेत वाचला गेला. त्यात शंभरांपैकी एक्याऐंशी गुण मिळवून वाशीम पहिले आले आणि एकतीस गुणांवर तुझे धनज चाळिसावे, म्हणजे शेवटचे, आले. तिसरी गोष्ट : त्या दिवसापासून तू माझ्याशी बोललेला नाहीस. चौथी : तुझा रामकिसन सत्तावीस वर्षांचा झाला, तरी त्याचे लग्न झालेले नाही. चालून आलेली तीन स्थळे तक्ता पाहून परतली, असे मला खात्रीलायक समजले आहे. पाचवी : माझी गिरजा गेली दोन वर्षे धनजच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका आहे आणि तुझ्या विधवा बहिणीच्या, गोजराबाईंच्या, घरी राहते. सहावी आणि शेवटची : एक जुलैपासून तिची बदली केनवडला करण्याचे बोर्डाने योजिले आहे. या सहा गोष्टींबद्दल तुझामाझा मतभेद असण्याचे कारण नाही. जे वादाचे आहे ते आता लिहितो. पत्राच्या शेवटी माझे एक मागणे आहे. ते तू फेटाळलेस तर दोन माणसांचे नुकसान होईल, आणि ती दोन माणसे म्हणजे तू आणि मी नव्हे, एवढे ध्यानात ठेवून पुढे वाच.

तुला 'तुम्ही' म्हणून लिहावे की काय, यावर मी दोन दिवस विचार केला. परंतु अकोल्याच्या हायस्कुलात असताना एका खोलीत, एका चुलीवर ज्याच्याबरोबर चार वर्षे भाकरी भाजल्या, त्याला 'तुम्ही' लिहिणे खोटेपणाचे झाले असते. तुझ्या घरून दर पंधरवड्याला वांग्यांची टोपली यायची आणि ती संपेपर्यंत आपण दोन्ही वेळा वांगीच खायचो. आज मला वांगे आवडत नाही त्याला कारण तू आहेस. मॅट्रिकच्या वर्षी तुझे वडील वारले. तू पुस्तकांचे गाठोडे माझ्या स्वाधीन करून मोट हाकायला निघून गेलास, आणि मी पुढे शिकून समाजातला या भागातला पहिला बी. ए. झालो. गणितात तू माझ्यापुढे होतास. हे मी आजवर कोणाजवळ कबूल केलेले नाही. आज लेखी करतो.

आता तक्त्याविषयी. पाण्याला वीस गुण आणि रस्ता, शाळा, दवाखाना, बाजार, जमीन, रोगराई, घरबांधणी व कज्जेदलाली या आठांना प्रत्येकी दहा, अशी ती रचना होती. मोजता येत नाही ते लिहायचे नाही, हा माझा नियम. एखाद्या गावची माणसे गोड स्वभावाची आहेत असे कोणी सांगू लागले की मी वही मिटत असे, कारण सगळ्याच गावची माणसे पाहुण्याशी गोड असतात. चाळीस गावांत मी स्वतः गेलो, बैलांची दमणी चिखलात रुतली तेथे उतरून पायी गेलो, आणि घरापासून पाण्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजले. धनजला तुझ्या घरी दोन दिवस राहिलो. मनकर्णावहिनींनी माझ्यासाठी मुद्दाम वांगी वगळून स्वयंपाक केला, हे त्यांच्या हुशारीचे लक्षण होते आणि ते माझ्या स्मरणात आहे. तरीही सभेत मी धनजला एकतीस गुण वाचून दाखवले. तू पहिल्या रांगेत बसला होतास. शांतपणे उठलास, उपरणे झटकून खांद्यावर टाकलेस आणि जाता जाता एवढेच म्हणालास, "जगदेवा, दोन दिवस जेवला त्याचे गुण कोन्या रकान्यात धरले बाप्पा?" सारा मंडप हसला. मी हसलो नाही. जेवणाचे गुण धरले असते तर तो तक्ता राहिला नसता, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

त्या तक्त्याच्या नकला घरोघर उतरवून घेतल्या गेल्या, याचा मला अभिमान होता, आणि तो कशाला लपवू. वाशीमच्या वरांना मागणी वाढली. धनजच्या मुलांना लोक 'एकतीसवाले' म्हणू लागले हे मात्र मला फार उशिरा कळले. रिसोडच्या एका लग्नात कोणी तरी, "एकतीसवाले आले, यायले मागच्या पंगतीत बसवा," असे म्हणाला आणि रामकिसन पाटावरून उठून गेला, हे मला गिरजाने लिहिले. ते पत्र वाचल्यावर मी आठ दिवस दुसरे काही वाचले नाही.

गिरजाची नेमणूक धनजला झाली तेव्हा मी ती बदलून घेण्यासाठी अर्ज तयार केला होता. तिने अर्ज वाचला, त्यातली एक वाक्यरचना सुधारली आणि तो माझ्यासमोर फाडला. ती माझीच मुलगी आहे. तिच्यासाठी आलेली अकरा स्थळे मी नापास केली होती. त्यांतल्या नऊ जणांना शुद्ध लिहिता येत नव्हते आणि दोघांना येत होते पण त्याचा त्यांना गर्व होता. तेव्हा घरात बसून वर तपासले जाण्यापेक्षा गावी जाऊन मुली शिकवणे तिला बरे वाटले असावे. जाताना तिने माझी तक्त्याची मूळ वही मागून नेली. सभेत मी फक्त एकूण गुण वाचले होते. कोणत्या रकान्यात किती, हे त्या वहीतच होते. धनजला पाण्याचे वीसांपैकी शून्य दिले आहे, हे तिने वही उघडून पाहिले ते तुझ्या बहिणीच्या ओट्यावर, आणि त्याच वेळी तुझी बहीण तिच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवीत होती.

ते पाणी कोठून आणले, असे गिरजाने विचारले. मागच्या वाडीतल्या विहिरीचे, दीडशे पावलांवरचे, बारमाही आणि गोड. निम्मे गाव त्याच विहिरीवर पाणी भरते आणि उरलेले निम्मे खालच्या आळीतल्या विहिरीवर. मग माझ्या वहीत 'नाल्याचे पाणी, एक मैल तीन फर्लांग' हे कोठून आले, याचा उलगडा गोजराबाईंनी केला. गिरजाने त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून पाठवले, आणि मी ते पाठ केले आहेत. "मास्तरीनबाई, मानसाले इचारलं त मानूस बैलाचं पानी सांगन. घरचं पानी त्याले कायले मालूम?"

उकंडराव, मी तुलाच विचारले होते. तुझ्या ओसरीवर बसून विचारले की तुमच्या गावचे पाणी कोठे, आणि तू नाल्याकडे बोट केलेस, कारण तू रोज बैल पाजायला तिकडे जात होतास. मी उठलो, नाल्यापर्यंत चालत गेलो, परत आलो आणि शून्य लिहिले. चाळीस गावांत मी हेच केले. ओसरीवर विचारले आणि चावडीवर विचारले, पण चुलीजवळ एकदाही विचारले नाही. या चुकीतला अर्धा वाटा तुझा आहे आणि तो मी तुला सोडणार नाही. पण माझा अर्धा मी तुझ्याआधी लिहून ठेवीत आहे, आणि विचारणारा मी असल्यामुळे माझा वाटा मोठा धरला तरी माझी हरकत नाही.

गिरजा एवढ्यावर थांबली असती तर मी चुकीची दुरुस्ती करून मोकळा झालो असतो. तिने पुढे विचारले की अंतर मोजताना माझ्या हातात काय होते. काही नव्हते, छत्री होती. तेव्हा तिने धनजच्या दोन्ही विहिरी फाल्गुनाच्या उन्हात पुन्हा मोजायच्या ठरवल्या, भरलेली घागर घेऊन. घागर डोक्यावर घेऊन आकडे टिपता येईनात, म्हणून भर दिवसा, सगळ्या आळीदेखत, तुझ्या रामकिसनने ती स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि ती त्याच्या मागून पावले मोजीत चालली. चार दिवस हे चालले होते. त्याचे सोबती पारावरून ओरडत, "रामकिसन, लगन नाही झालं त सोताच सून झाला काय?" आणि तो म्हणे, "मोजून राह्यलो, मधात बोलू नका, आकडा चुकते." हे मला तिने तिसऱ्या पत्रात लिहिले. हे काम बारा वर्षांपूर्वी मी करायला हवे होते आणि मला ते सुचलेही नव्हते. धनजला पाण्याचे वीसांपैकी सतरा मिळतात. मी तिची आकडेवारी दोनदा तपासली, एकही चूक सापडली नाही, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्यांदा तपासताना मी चूक सापडू नये म्हणून तपासत होतो.

त्या पत्राच्या तळाशी एक ओळ होती. 'बाबा, आता आपल्या घरचे पाणी मोजा.' मला राग आला. आमच्या घरात आड आहे, बावीस पावलांवर. वाशीमला पाण्याचे एकोणीस गुण मी त्याच्याच भरवशावर दिले होते आणि विसावा केवळ विनयाने कापला होता. मी तिच्या आईला, हौसाबाईला, हाक मारली आणि आडाचे पाणी बारमाही आहे ना, एवढे विचारले. ती गहू निवडीत होती. सूप खाली न ठेवता तिने सांगितले की फाल्गुन लागला की आड आटतो, ज्येष्ठ संपेपर्यंत त्यात घागर बुडत नाही, आणि ती इतकी वर्षे ते चार महिने गल्लीच्या टोकाला गोविंदसिंगांच्या विहिरीवरून पाणी आणीत आली आहे, मी झोपून उठण्याच्या आधी. गिरजा दहा वर्षांची झाल्यापासून तीही आणीत होती. मला कधी सांगितले का नाही, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुमी कवा इचारलं? घागर भरेल दिसली म्हंजे तुमाले वाटे आडातूनच आलं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जे आहे ते ती सांगत होती. जो मनुष्य चाळीस गावांचे पाणी मोजून आला, त्याला तीस वर्षे आपल्या घरात पाणी कोठून येते हे ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी भरतो आहे. शाळांच्या डिपोटीच्या, म्हणजे तपासनिसाच्या, नोकरीची पेन्शन सुरू झाल्यामुळे वेळ आहे, आणि स्वतः केल्यावाचून आकडा लिहायचा नाही असे आता ठरवले आहे. गोविंदसिंगांच्या विहिरीपर्यंत रिकाम्या हाताने तीनशे बारा पावले होतात. भरलेली घागर घेऊन तीच वाट चारशे अठरा पावलांची होते, कारण ओझ्याखाली पाऊल लहान पडते. हा फरक कोणत्याही पुस्तकात मला आढळला नव्हता. पहिल्या दिवशी गोविंदसिंग दारात उभे राहून म्हणाले, "डिपोटीसाहेब, पेन्शन कमी पडून राह्यली काय?" आणि विहिरीवरच्या बायांनी पदर तोंडाला लावले. आता त्यांनी माझा नंबर ठरवून दिला आहे, आणि मी तो मोडू लागलो तर मला परत पाठवतात. हौसाबाई मात्र पहिले आठ दिवस माझ्यामागून येऊन मी सांडलेले पाणी पाहून जात असे. आता येत नाही. सकाळी दोघे चहा घेतो, दाराशी मोगरा आहे त्याला उरलेली कळशी घालतो, आणि इतक्या वर्षांत घरात जे बोलणे झाले नाही ते या दोन महिन्यांत झाले. मी सुखात आहे, हे तुला कळवायला हरकत नाही.

तक्ता मी रद्द केलेला नाही. चुकीचा रकाना दुरुस्त करायचा असतो, वही जाळायची नसते. हौसाबाईला दमणीत बसवून गावे पुन्हा हिंडायला सुरुवात केली आहे. मी ओसरीवर बसतो, ती आत जाते, आणि निघताना दमणीत बसल्यावर मी तिच्याकडून आकडे लिहून घेतो. आतापर्यंत अकरा गावे झाली. त्यांतल्या दहांचे गुण बदलले. न बदललेले एकच गाव मानोरा, आणि त्याचे कारण मी शोधून काढले : बारा वर्षांपूर्वी मी तेथे गेलो तेव्हा आळीतले सारे पुरुष कामासाठी परगावी गेले होते, म्हणून नाइलाजाने बायकांना विचारावे लागले होते. केनवडचा बाजार पूर्वीइतकाच चांगला आहे पण पाण्याचे सहा गुण गेले. वाशीमला पाण्याचे सहाच उरतात, म्हणजे एकूण अडुसष्ट. त्यामुळे कारंजा पहिले आले असून कारंजेकर आतापासूनच असह्य झाले आहेत. तेथल्या बायकांना विचारायचे अजून बाकी आहे, तेव्हा त्यांनी आनंद बेताने करावा. धनज अठ्ठेचाळिसांवर येते. तरीही ते वाशीमच्या वीस गुणांनी मागे आहे, हे मी मैत्रीखातर लपवणार नाही. तुझ्या गावचा रस्ता पावसाळ्यात रस्ता नसतो आणि दवाखाना कारंज्याला आहे. ही दुरुस्ती येत्या सभेत मी स्वतः, उभे राहून, कारणासह वाचणार आहे, आणि तोपर्यंत थांबवेना म्हणून चाळीसही गावांना हाताने लिहून पाठवली आहे. तुझी प्रत या पत्रासोबत आहे.

आता मोजणी सुरू झाल्यापासूनच्या गिरजाच्या पत्रांविषयी. आयुष्यभर मी उत्तरपत्रिका तपासल्या, त्यामुळे काय लिहिले आहे याइतकेच काय गाळले आहे हेही मला दिसते. पहिल्या पत्रात 'उकंडकाकांचा मुलगा' होता, त्याने मोजायची फीत धरली होती. दुसऱ्यात त्याला नाव आले. तिसऱ्यात घागर होती. चौथ्यात त्याने तिचा एक गुणाकार सुधारला होता आणि ते तिने जराही न रागावता लिहिले होते, जे मला आजवर साधले नाही. पाचव्यापासून आठव्या पत्रापर्यंत त्याचा उल्लेखच नाही. शाळा आहे, मुली आहेत, गोजराबाईंचा गुडघा आहे, गावातल्या एकूण एक माणसाची खबर आहे, फक्त तो नाही. मी ती चार पत्रे हौसाबाईसमोर ठेवली. ती वाचता न येताही हसली. चैत्रात ती आठ दिवस धनजला जाऊन आली होती, आणि मी विचारीपर्यंत तिने नेहमीप्रमाणे सांगितले नव्हते. तिचे म्हणणे असे : "पोरीनं घर पाह्यलं, मानूस पाह्यला. आता तुमचंच तोंड उघडनं बाकी आहे." तिने आणखीही एक सांगितले. हा विषय गोजराबाईंनी तुझ्याजवळ काढला तेव्हा तू म्हणालास, "एकतीसच्या गावातून एक्याऐंशीच्या गावाले पोरगी मागाले मी जात नाही." आणि रामकिसन, बापाने मनापासून हो म्हटल्याशिवाय एक शब्द बोलणार नाही म्हणतो. आणि गिरजा, तो बोलल्याशिवाय बोलणार नाही म्हणते. अशी ही साखळी आहे, आणि तिची पहिली कडी मी बारा वर्षांपूर्वी कारंज्याला घडवली.

म्हणून तुला कोठे जायला नको आणि काही मागायला नको. मागणारा मी आहे. माझी मुलगी गिरजा हिचा तुझा मुलगा रामकिसन याच्याशी विवाह व्हावा, अशी मी तिचा बाप या नात्याने तुला विनंती करतो. ती त्या गावी सुखी होईल, हे मला आता कोणत्याही रकान्यात मांडावेसे वाटत नाही. मला ते तिच्या अक्षरावरून कळते. शाळा तिने सोडू नये एवढी एकच अट, आणि ती माझी नसून तिची आहे. बोर्डाचा बदलीचा हुकूम ज्येष्ठ संपण्याच्या आत निघेल, तेव्हा पंधरा दिवसांच्या आत तुझे उत्तर माझ्या हाती पडले पाहिजे. ते लेखी पाहिजे, तुझ्या हातचे, तुझ्या सहीचे. नथ्थू गाडीवानाबरोबर तोंडी निरोप पाठवण्याची तुझी सवय मला ठाऊक आहे. असा निरोप मी ऐकून घेणार नाही. होय असेल तर एका शब्दाने काम भागेल. नाही असेल तर कारणे लिही, एकाखाली एक, क्रमाने. ती मी तपासीन, आणि त्यांतले एक जरी खरे निघाले तर ते मान्य करून तुझ्या दारी येईन. मात्र माझ्याविषयीचा राग हे कारण त्यात लिहू नकोस, कारण तो मी आधीच मान्य केलेला आहे. उत्तर पाठव.

तुझाच,
जगदेव